न दिसणं आणि नसणं : आयटी कंपन्यांच्या सुरक्षेची तुलना

पत्रिकेत विषय वाचून काहींना वाटलं असेल, हे गृहस्थ या वयात कंप्यूटरकडे कुठे वळले. आम्ही वळलेलो नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात जो प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं शिकवला, तोच आता मिहानमधल्या आणि हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींत विचारला जातो आहे, म्हणून बोलतो आहोत. प्रश्न असा, की एखादी गोष्ट 'नाही' हे आपल्याला कशावरून कळतं?

आधी व्यवहार बघू. एखादी सहकारी बँक, एखादं इस्पितळ, एखादं विद्यापीठ. आपले हिशेब, आपल्या माणसांची माहिती यांना बाहेरच्या तंत्रज्ञान कंपनीच्या हाती द्यावीच लागते. सगळं घरी करणं परवडत नाही, जमतही नाही. मग तीन-चार कंपन्यांची दरपत्रकं येतात आणि एक तक्ता तयार होतो. किंमत, अनुभव, मनुष्यबळ, आणि अलीकडे एक नवा रकाना : सायबर जोखीम. या रकान्यात भरतात काय? आयएसओ २७००१ चं प्रमाणपत्र आहे का, मागच्या पाच वर्षांत किती घटना घडल्या, आणि एखाद्या रेटिंग कंपनीनं दिलेला आकडा. मग संचालक मंडळ वरून खाली बोट फिरवतं आणि म्हणतं, ही कंपनी त्या कंपनीपेक्षा सुरक्षित आहे.

आमची टीका या बोट फिरवण्यावर आहे. रकाना असूच नये असं आम्ही म्हणत नाही. पण त्यात भरलेली गोष्ट आणि जोखीम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे निराळेपण ज्यांच्या अंगाशी येतं ते खातेदार, ते रुग्ण त्या बैठकीत कधीच बसलेले नसतात.

हे आकडे देणाऱ्या कंपन्या दीडेक दशकापूर्वी निघाल्या. बिटसाइट २०११ मध्ये, सिक्युरिटीस्कोअरकार्ड २०१३ मध्ये. बिटसाइट २५० ते ९०० असा आकडा देते, म्हणजे साधारण आपल्या सिबिलच्या थाटाचा. दुसरी कंपनी शाळेसारखी ए, बी, सी अशी श्रेणी देते. दोघी मुख्यतः बाहेरून बघतात. कंपनीचे कोणते सर्व्हर इंटरनेटवर उघडे आहेत, कोणतं सॉफ्टवेअर जुनं झालंय, कोणाचे पासवर्ड चोरबाजारात फिरताहेत, आतलं एखादं यंत्र कुप्रसिद्ध पत्त्यांशी बोलतंय का. धरमपेठेतल्या एखाद्या बंगल्यासमोरून चालत जावं आणि फाटकाला कुलूप आहे का, खिडकीची काच फुटली आहे का, हे पाहून घ्यावं, तसंच हे. निरुपयोगी मुळीच नाही. फुटकी काच पाहून आत काय चाललं असेल याचा अंदाज येतोच. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीला एमएससीआय या संस्थेनं ऑगस्ट २०१६ मध्ये, माहितीच्या सुरक्षेकडे लक्ष नाही म्हणून, अगदी खालची श्रेणी दिली होती. पुढल्याच वर्षी तिथून सुमारे १४.७ कोटी माणसांची माहिती गेली. बाहेरून पाहणाऱ्याला कधी कधी आतल्यापेक्षा जास्त दिसतं, हे मान्य केलंच पाहिजे.

पण बंगल्याची किल्ली मोलकरणीपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत किती जणांकडे आहे, ते रस्त्यावरून दिसत नाही.

२०२१ मध्ये मूडीजनं बिटसाइटमध्ये २५ कोटी डॉलर गुंतवले. कर्जाची पत ठरवणारी जुनी कंपनी सुरक्षेची पत ठरवणाऱ्या नव्या कंपनीत आली. २००८ च्या आधी अमेरिकी गृहकर्जांच्या रोख्यांना कोणी कोणती श्रेणी दिली होती ते आपल्याला आठवतं, त्यात आम्ही जात नाही. आम्हाला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कर्जाच्या बाबतीत रेटिंग चुकलं तर ते आज ना उद्या उघडं पडतं, कारण हप्ता चुकला की देणेकऱ्याला कळतं, घेणेकऱ्याला कळतं, बाजाराला कळतं. चोराला कंप्यूटरमध्ये शिरायला मात्र कोणाला कळावं लागत नाही. माहितीची चोरी ही अशी विचित्र चोरी आहे की माल नेला तरी तो जागेवरच असतो! (हशा) तिजोरी उघडून पाहिली तर नोटा जशाच्या तशा. मग 'या कंपनीत मागच्या पाच वर्षांत एकही घटना नाही' हे वाक्य आपण कशाच्या बळावर लिहितो?

इथे आमच्या जुन्या मंडळींना बोलवावं लागेल. कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, त्यावरून घडा नाही हे ज्ञान होतं. नैयायिक म्हणाले, याला वेगळं प्रमाण कशाला हवं, हे प्रत्यक्षातच येतं. भांडण पुष्कळ शतकं चाललं. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत होतं : नुसतं न दिसणं पुरेसं नाही, ते 'योग्य' असावं लागतं. म्हणजे, घडा इथे असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं कोणी म्हणत नाही. जुन्या ग्रंथांतलं लाडकं उदाहरण पिशाचाचं आहे. समोरच्या खांबावर पिशाच दिसत नाही, म्हणून पिशाच नाही असं म्हणता येईल का? नाही. कारण पिशाच असलं तरी ते दिसलं नसतंच.

आता गंमत बघा. सुरक्षेच्या तक्त्यात आपण खांबाखांबावरची पिशाचं मोजतो आहोत. ज्याला एकही दिसलं नाही त्याचा पहिला नंबर. (हशा)

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण आपल्या देशात हे अगदी असंच घडलेलं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आल्याची बातमी फुटली. बँकांनी कार्डं बंद केली, बदलून दिली, पिन बदलायला सांगितले. त्या वेळच्या आकड्यांप्रमाणे १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून १ कोटी ३० लाख रुपये गेले होते. संशय हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीकडे गेला. ही कंपनी येस बँकेची एटीएम चालवत होती. तेव्हा कंपनीनं सांगितलं की बाहेरच्या तपासनीसांच्या सप्टेंबरमधल्या अंतरिम अहवालात शिरकावाचं चिन्ह आढळलेलं नाही. म्हणजे काय झालं? तज्ज्ञांनी पाहिलं, दिसलं नाही, म्हणून नाही. त्या दिवशी कोणी तक्ता केला असता तर या रकान्यात प्रामाणिकपणे शून्य भरलं असतं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तपास पुरा झाला आणि त्याच कंपनीनं मान्य केलं की घुसखोरी झाली होती. २१ मे ते ११ जुलै २०१६ हा तिचा काळ. आणि कंपनीच्या निवेदनातला सगळ्यांत बोलका भाग पुढे आहे. ते घातक सॉफ्टवेअर आपल्या पाऊलखुणा पुसत होतं, त्यामुळे किती माहिती बाहेर गेली हे आता सांगताच येत नाही, असं त्यांनी म्हटलं. आम्ही हे वाचलं तेव्हा वाटलं, वर्गात योग्यानुपलब्धी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. चोर नुसता अंधारात आला नव्हता. जाताना दिवाही घेऊन गेला होता.

या कंपनीची निंदा करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. उलट, सात-आठ महिन्यांनी का होईना, तिनं सांगितलं, तारखा दिल्या, काय कळत नाही तेही सांगितलं. नेमकं इथेच तक्ता उलटा चालायला लागतो. जी शोधते आणि सांगते तिच्या नावापुढे एक घटना लागते. जिच्याकडे शोधायची यंत्रणाच नाही तिचं पान कोरं राहतं. म्हणजे आंधळ्याला डोळस ठरवणारी ही परीक्षा. शाळेत गैरहजेरीची नोंदच ठेवली नाही तर शाळेची हजेरी शंभर टक्के, तसं.

यात कायद्यानं आणखी एक वाकडेपणा आणला आहे. इन्फोसिसची अमेरिकेतली एक उपकंपनी आहे, इन्फोसिस मॅक्कॅमिश. विमा कंपन्यांची कामं करते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्यावर खंडणीखोर हल्ला झाला, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात तो. पुढे कळलं की ६० लाखांहून अधिक माणसांची माहिती त्यात सापडली होती. त्यांतल्या बहुतेकांनी या कंपनीचं नाव आयुष्यात ऐकलेलं नसणार. कोणाचा विमा असेल, कोणाचं बँक ऑफ अमेरिकात खातं असेल. २०२५ मध्ये १ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड झाली. आता हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलात का माहीत आहे? कारण अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे अशा वेळी बाधित माणसाला पत्र पाठवायला लावतात. मेन नावाच्या एका छोट्या राज्याच्या महाधिवक्त्याच्या कार्यालयात तर आकडा नोंदवावा लागतो आणि तो कोणालाही वाचता येतो. बँक ऑफ अमेरिकाच्या ५७ हजार ग्राहकांचा आकडा आधी तिथेच दिसला. आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना सहा तासांत सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवावी लागते. चांगलंच आहे. पण ती चिठ्ठी दिल्लीत जाते, तुमच्या-आमच्या घरी येत नाही. तेव्हा अमेरिकेत काम करणारी कंपनी आणि फक्त इथे काम करणारी कंपनी यांची 'घटनांची संख्या' शेजारी शेजारी मांडली, तर आपण दोन कंपन्यांची तुलना करत नाही. दोन देशांच्या पोस्टखात्यांची तुलना करतो.

कोणी म्हणेल, मग बाहेरून बघू नका, आत जाऊन ऑडिट करा. करावंच. पण ऑडिट खरं कशावरून? दुसऱ्या ऑडिटवरून. ते खरं कशावरून? याला आमच्याकडे अनवस्था म्हणतात. नैयायिक यातून सुटले ते व्यवहाराकडे बोट दाखवून. समोर दिसतंय ते पाणी की मृगजळ, याचा निकाल तहान भागली की लागतो. हा धागा आम्ही पुढे परत उचलू.

आता दुसरा दोष. हा आम्हाला पहिल्याहून मोठा वाटतो. तक्ता असं धरून चालतो की जोखीम हा कंपनीचा गुण आहे. जसा माणसाचा रंग किंवा उंची, तशी कंपनीची जोखीम. अमुक कंपनीची कमी, तमुक कंपनीची जास्त. वैशेषिकांनी गुणांची यादी करताना एक बारीक भेद केला होता. रंग एका वस्तूत राहतो. पण संयोग, म्हणजे हाताचा आणि पुस्तकाचा स्पर्श, हा एकट्या हातात राहत नाही, एकट्या पुस्तकातही राहत नाही. तो दोघांत मिळून राहतो. त्याला ते 'द्विष्ठ' म्हणतात. आमचं म्हणणं एवढंच, की सेवा देणाऱ्या कंपनीची जोखीम द्विष्ठ आहे. ती कंपनीत शोधाल तर सापडणार नाही. कंपनी आणि तिच्यावर टेकलेला माणूस, यांच्या मधल्या जागेत ती असते.

३१ जुलै २०२४ ची गोष्ट घ्या. त्या दिवशी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं जाहीर केलं की सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झालेला दिसतो, म्हणून तिला देशाच्या किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं आहे. सी-एज कोणाची? स्टेट बँक आणि टीसीएस यांची मिळून. कुठल्याही तक्त्यात याहून भारदस्त वंशावळ सापडायची नाही. ग्राहक कोण? सहकारी आणि ग्रामीण बँका. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या खातेदारांचं यूपीआय, एटीएम सगळं थांबलं. दुसऱ्या दिवशी जोडणी परत सुरू झाली.

चोर कुठून आला? क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार, सी-एजबरोबर काम करणाऱ्या ब्रॉन्टू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स नावाच्या दुसऱ्याच एका कंपनीकडून. तिथे जेन्किन्स नावाची, प्रोग्राम तयार करण्याच्या कामाची एक प्रणाली होती. तिची मांडणी सदोष राहिली होती आणि दार उघडं होतं.

आता ३०० पैकी कुठल्याही बँकेच्या संचालकाला विचारा, तुमच्या तक्त्यात ब्रॉन्टूचा रकाना होता का? कसा असेल! त्यांनी करार सी-एजशी केलेला. तालुक्याच्या बँकेतला खातेदार, त्याच्यावर बँक, बँकेवर सी-एज, आणि बाजूला हे चौथं नाव, जे खातेदाराला तर सोडाच, बँकेलाही ठाऊक असेलच असं नाही. साखळीतल्या प्रत्येकानं शेजारच्याला प्रमाणपत्र मागितलं असेल आणि प्रत्येकाला ते मिळालंही असेल. आणि ज्यांनी सुरक्षेवर चांगला खर्च केला होता त्या बँका आणि ज्यांनी दमडी खर्चली नव्हती त्या बँका, दोघी एकाच तासाला बंद पडल्या.

आणखी एक गोष्ट. पेमेंट्स कॉर्पोरेशननं त्या दिवशी केलेली सगळ्यांत मोलाची कृती कोणती? तोडणं. कोणाला कधी तोडायचं हे आधीपासून ठरलेलं होतं, अधिकार होता, तो वापरला, आणि बाकी देशाचे व्यवहार चालू राहिले. पण तुमच्या तक्त्यात 'किती लवकर तोडता येतं' असा रकाना आहे का? विक्रेता जोडण्याचा वेग सांगत येतो. तोडण्याचा वेग विचारावा लागतो.

द्विष्ठ म्हटल्यावर मार्क्स अँड स्पेन्सरचा उल्लेख करायला हवा. इंग्लंडमधलं जुनं मोठं दुकान. एप्रिल २०२५ मध्ये हल्ला झाला, ऑनलाइन विक्री कित्येक आठवडे बंद, नफ्यावरचा फटका सुमारे ३० कोटी पौंडांचा सांगितला गेला. कंपनीनं म्हटलं, चोरांनी दुसऱ्याचं सोंग घेऊन, एका त्रयस्थ कंपनीच्या मार्फत प्रवेश मिळवला. तंत्रज्ञानाच्या सेवा देणारी टीसीएस. तिच्या वार्षिक सभेत भागधारकांना सांगण्यात आलं की टीसीएसच्या कुठल्याही प्रणालीला किंवा वापरकर्त्याला धक्का लागलेला नाही. वर्तमानपत्रं विचारत राहिली, खरं कोण बोलतंय? आम्हाला वाटतं, हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. दार माझं नाही, कुलूप माझं नाही, किल्ली माझी नाही; आणि तरी दारातून कोणी आत गेलं. संयोगात काय बिघडलं हे संयोगाच्या एकेका टोकाला वेगवेगळं उभं करून विचारलं, तर दोन्ही टोकं निर्दोष सुटतात.

'मग बाहेर देऊच नका, सगळं स्वतः करा' असं म्हणणारे आहेत. त्यांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेकडे बघावं. १९०६ सालची बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ तारखेच्या शनिवारी, चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचऐवजी आपलं बनावट सोंग उभं केलं. कार्ड घाला, पैसे मागा, मंजूर. २८ देशांत सुमारे १२ हजार व्यवहार झाले. भारतातही झाले, त्यांत कोल्हापूर होतं. १३ तारखेला स्विफ्टच्या मार्गानं आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला. एकूण ९४ कोटी. यात चोर बँकेच्याच व्यवस्थेत शिरलेले होते. घरी ठेवलं म्हणून सोनं सुरक्षित होत नाही.

नागपूरकरांना मात्र हे सगळं कळायला कंप्यूटरची गरज नव्हती. २००२ साल आठवा. आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेनं सरकारी रोखे घेण्यासाठी दलाल कंपन्यांना पैसे दिले. त्यांत वाशीची होम ट्रेड होती, जिच्या जाहिरातींत नामवंत क्रिकेटपटू आणि नट झळकत असत. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. दीडशे कोटींच्या घरातलं प्रकरण. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही त्यात होत्या. शेतकऱ्यांची बँक, शेतकऱ्यांचा पैसा, आणि निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्यात हॅकर नव्हता, व्हायरस नव्हता. पण रचना बघा. हातात वस्तू यायच्या ऐवजी वस्तूबद्दलचा कागद, आणि मधल्या माणसाच्या नावाचा झगमगाट. तेव्हा विचारायचा प्रश्न 'हा दलाल किती मोठा आहे' हा नव्हता. 'रोखा कुठे आहे, दाखवा' हा होता.

आज त्या 'दाखवा'चं रूप काय असेल? आम्ही तंत्रज्ञ नाही, पण तत्त्वाच्या बाजूनं काही सांगता येतं. मघाचा मृगजळाचा धागा इथे लागतो. कंपनीला 'तुमच्याकडे घटना किती?' असं विचारू नका. 'तुम्ही शेवटचा शिरकाव कसा पकडला, किती दिवसांनी, आणि तो तुमच्या माणसानं पकडला की बाहेरच्यानं येऊन सांगितलं?' असं विचारा. ज्याचं उत्तर 'आमच्याकडे कधी काही झालंच नाही' असं असेल, त्याला उजेड किती आहे हे विचारा. तुम्ही स्वतः भाड्यानं चोर लावून पाहिला का, आणि तो पकडला गेला का? ही योग्यतेची परीक्षा आहे. दिवा लावून पाहिला आणि मग घडा दिसला नाही, तर त्या न दिसण्याला अर्थ आहे. दुसरं, तुमच्यासारखे आणखी किती जण याच खांबाला टेकलेत, आणि हा खांब आणखी कोणाला टेकलाय, याची नावं मागा. नावं दिली नाहीत तर ते उत्तरच समजा. तिसरं म्हणजे ही कंपनी उद्या सकाळी नाहीशी झाली तर संध्याकाळपर्यंत तुम्ही काय करू शकता, हे तिला न विचारता स्वतःला विचारा. एखाद्या रविवारी खरंच तोडून पाहा. हाताला कागदाची वही लागते का, लागली तर ती लिहिता येणारा माणूस अजून नोकरीत आहे का.

यातलं पुष्कळसं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलंही आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिनं आयटी सेवा बाहेर देण्याविषयी सविस्तर निर्देश काढले. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बाहेर जात नाही, उपकंत्राटदारांवर लक्ष ठेवा, एकाच कंपनीवर सगळे टेकले तर काय याचा विचार करा, बाहेर पडण्याची योजना तयार ठेवा. दस्तऐवज चांगला आहे. पण त्यातून पहिल्या आणि दुसऱ्या स्तराच्या, म्हणजे लहान, नागरी सहकारी बँका वगळल्या होत्या. त्यांना एवढा भार झेपणार नाही, हा विचार समजण्यासारखा आहे. पण ज्याला भार झेपत नाही तोच तर दुसऱ्याच्या खांद्यावर पूर्ण रेलतो. वर्षभरानं कोण बंद पडलं, ते आपण मघाशी पाहिलं.

वेळ होत आली. प्रश्न घेऊ.

प्रश्न (सभागृहातून) : सर, मी मिहानमध्ये एका कंपनीत याच विभागात काम करतो. तुम्ही म्हणता ते पटतं, पण क्लायंटला शेवटी एक आकडाच पाहिजे असतो. साहेबांच्या स्लाइडवर एकच ओळ मावते. मग आम्ही काय करावं?

उत्तर : आकडा द्या की! आम्ही आकड्याचे वैरी नाही. पण आकड्याला एकक असावं. ७४० म्हणजे काय? ७४० किलो? (हशा) त्याऐवजी 'शिरकाव लक्षात यायला लागलेले दिवस' हा आकडा द्या, 'जोडणी तोडायला लागलेली मिनिटं' द्या, 'एकाच पासवर्डनं उघडणारे ग्राहक' द्या. तेही एका ओळीत मावतात. तुमचे साहेब म्हणतील, हे दाखवलं तर आपण वाईट दिसू. शेजारच्या कंपनीकडे हा आकडाच नाही, हे त्याच स्लाइडवर लिहा. आणि एक सांगतो, तुमच्यासारख्या पोरांना आत काय आहे ते दिसत असतं. बाहेरचा आकडा चांगला आला म्हणून तुमच्या तक्रारीची फाइल बंद झाली, तर तो आकडा घातक ठरला असं समजा.

प्रश्न (एक ज्येष्ठ भगिनी) : माझं खातं एका लहान सहकारी बँकेत आहे. तुमचं ऐकून भीती वाटायला लागली. पैसे काढून मोठ्या बँकेत टाकू का?

उत्तर : ताई, आमच्या बोलण्यावरून पैसे हलवू नका. मोठ्या बँकाही कोणावर तरी टेकलेल्याच आहेत. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे. खात्यातून चोरी झाली तर तो विमा कामाचा नाही. तिथे रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठी ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. दोष बँकेचा असेल तर तुमच्यावर काहीच भार नाही. दोष बँकेचाही नाही, तुमचाही नाही, मधल्याच कुठल्या व्यवस्थेचा आहे, म्हणजे आज आपण ज्यावर तासभर बोललो तोच प्रकार, तर बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तरीही तुमच्यावर भार नाही. चार ते सात दिवस लागले तर काही मर्यादेपर्यंत तुमचा वाटा. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. म्हणजे सगळं त्या संदेशावर आहे. बँकेत तुमचा जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर असेल, किंवा मुलाचा असेल आणि मुलगा पुण्यात असेल, तर उद्या जाऊन आधी तो बदला. आणि कधी तक्रार द्यायची वेळ आली तर लेखी द्या, पोच घ्या, आणि पोचेवर तारखेबरोबर वेळ लिहिली आहे की नाही ते काउंटर सोडायच्या आधी बघा.